निळा अजून थोडा

६ जानेवारी, सकाळी ८.१०
चिमणी ऑफिसच्या कामाने तीन महिन्यांसाठी बाहेरगावी गेली. सव्वीस वर्षांची घोडी झाली, पण टॅक्सीत बसताना रडली. आईबापासाठी नव्हे, टँकसाठी.

टँक म्हणजे आमच्या हॉलमधला तिचा खासगी समुद्र. साठ लिटर खारं पाणी, एक मासा, दोन दगड आणि एक प्रवाळ. चार वर्षांपूर्वी आणलं तेव्हा ते अंगठ्याएवढं होतं, आता दोन मुठींएवढं झालंय. जाताना म्हणाली, बाबा, घरात बाकी काय हवा तो गोंधळ घाल, पण मी येईन तेव्हा एवढं एक जिवंत असू दे. शब्द दिला. ९ एप्रिलला ती परत येणार. तोपर्यंत प्रवाळ जिवंत. नुसतं जिवंत नाही, सुधारित.

काचेवर चिठ्ठी चिकटवून गेली आहे. लाइटचा निळा ४० टक्के, पांढरा २० टक्के, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. एकोणतीस वर्षं पेंट कंपनीत शेड जुळवणाऱ्या बापाला ही प्रकाश शिकवणार. कंपनीत मला 'नजर' म्हणतात. टोपणनाव असलं तरी कमावलेलं आहे.

७ जानेवारी
प्रवाळ नीट पाहिलं. मळकट तपकिरी. चार वर्षं जपून हे? दोष प्रवाळाचा नाही, लाइटचा. अगदीच पिवळट, जीव नसलेला. बायको म्हणाली, मला तर चांगला निळा दिसतो. बायकोला मोरपंखी आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. मत ऐकून घेतलं.

९ जानेवारी
लाइट गेला. आपोआप. त्यावर मिठाचा थर बसला होता, तो मी ओल्या फडक्याने पुसत होतो, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही. फट् असा आवाज आणि बारीक धूर. मासा पंपामागे जाऊन बसला.

सासूबाई म्हणाल्या, प्लग काढून पुसायचं असतं. सासूबाई आमच्याकडेच असतात. वय अठ्ठ्याहत्तर. दोन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून घेतले, तेव्हापासून त्यांना घरातलं सगळंच दिसतं. फार त्रास आहे.

चिमणीला सध्या कळवायची गरज नाही. उगाच काळजी करेल. आणि खरं सांगायचं तर नवा लाइट निवडायला या घरात माझ्याइतका लायक माणूस नाही. झालं ते बरंच झालं.

१० जानेवारी, दुपारी
टँकवाल्याकडे गेलो. मत्स्यालयाचं सामान विकणारा गृहस्थ. चिमणीला चांगला ओळखतो. प्रवाळ पाण्यात किती खोल आहे, जुन्या लाइटचे आकडे काय होते, अशी उलटतपासणी घेतली. त्याच्याकडे प्रकाश मोजायचं मीटर आहे, ते पाण्यात बुडवून बघतात म्हणे. फुकट घरी येऊन मोजून देतो म्हणाला. मी सांगितलं, मीटर समोर उभं आहे. तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. प्रभाव पडला असावा.

तीन लाइट लावून दाखवले. तिन्ही पिवळट. म्हटलं, निळा नाही का? म्हणाला, साहेब, हा निळाच आहे. दुकानदार माल खपवायला काहीही बोलतात. शेवटी दोन बटणांचा, सपाट, दणकट असा उचलला. खोक्यावर 'मोठ्या टँकसाठी' असं लिहिलंय. आपला टँक लहान, म्हणजे जास्तच चांगला चालेल.

११ जानेवारी
लाइट बसवला. गंमत म्हणून चिठ्ठीप्रमाणे ४० आणि २० वर ठेवून पाहिलं. अंधार. ६० केला. ७० केला. आता कुठे काहीतरी दिसतंय. टँकवाल्याने बजावलं होतं की पहिले पंधरा दिवस कमी ठेवा, प्रवाळाला सवय होऊ द्या. प्रवाळ आहे की घरी आलेला जावई?

१७ जानेवारी
या आठवड्यात ऑफिसात सुख. मशीनबाई रजेवर. ही आमच्याच शेड-रूममधली. रंग मोजायचं एक मशीन कंपनीने घेतलं, त्याबरोबर ही आली. मी डोळ्याने बॅच पास केली की ही तो नमुन्याचा कार्ड-तुकडा मशीनखाली घालून बसते. वर विचारते, सर, थोडं परत बघायचं का? मी सहसा बघत नाही.

ती नसल्यामुळे चार बॅच झटपट निघाल्या. त्यात एक मोठी, हलक्या क्रीमची. फार पिवळी वाटत होती, निळ्याचे दोन थेंब घालून साफ केली. मूळ नमुना काढून बघायची मला गरज पडत नाही. क्रीम माझ्या डोक्यात आहे.

२१ जानेवारी, संध्याकाळी
निळा ८५. मासा अजून पंपामागेच. जातच लाजाळू असावी.

हॉलमध्ये येताना बायको डोळे बारीक करते. म्हणाली, घर आहे की दवाखान्यातली एक्स-रेची खोली? सासूबाई खुर्ची उचलून स्वयंपाकघरात बसायला गेल्या. हॉलमध्ये कधी नव्हे ती शांतता मिळाली. लाइटचा हा फायदा कुणी खोक्यावर छापत नाही.

२७ जानेवारी
मॅनेजरने बोलावलं. क्रीमची ती बॅच परत आली. गिऱ्हाईक म्हणतो, भिंती आजारी माणसाच्या ओठांसारख्या दिसतात. मी सांगितलं, भिंतीवरचे बल्ब तपासा. मॅनेजरला रंगातलं काही कळत नाही, पण आवाज मोठा आहे. जाता जाता म्हणाला, तुमची वर्षाची डोळ्यांची तपासणी दोन वर्षं राहिली आहे. कामाचा व्याप सांगितला. मार्चमध्ये करू.

मशीनबाई रजेवरून आली आहे. क्रीमचं ऐकून मान खाली घालून मशीन पुसत बसली. निदान लाज तरी वाटली असेल, ऐन कामात रजा घेतल्याची.

२ फेब्रुवारी
निळा १००. बटण याच्या पुढे जात नाही. कंपनीने खर्च वाचवलेला दिसतो.

चिमणीचा फोन. फोटो पाठव म्हणाली. मी म्हटलं, थेट सरप्राइज. म्हणाली, लाइट ठीक आहे ना? मी म्हटलं, लाइटची काळजीच सोड. यात एक अक्षर खोटं नाही.

९ फेब्रुवारी, सकाळी
मोठी बातमी. प्रवाळाचा रंग उजळायला लागलाय. ते मळकट तपकिरी जाऊन वरच्या टोकांना साईसारखी झाक आली आहे. महिन्याभरात एवढा फरक, आणि चिमणी चार वर्षं तपकिरीवर समाधान मानत होती. बायकोला बोलावून दाखवलं. तिने बराच वेळ पाहिलं. म्हणाली, अहो, हे पांढरं पडतंय. मी समजावलं की पांढरं आणि उजळ या दोन वेगळ्या शेड आहेत. मला चाळीस प्रकारचे पांढरे ओळखता येतात. तिने वाद घातला नाही. पटलं असावं.

१४ फेब्रुवारी
अजून एक निर्णय. एका लाइटवर भागत नाही. टँकवाल्याकडून मान वळवता येणारा छोटा निळा दिवा आणला. तो देईचना. म्हणाला, आधी मीटर लावून बघू. म्हणाला, लेकीला विचारलंत का? मी म्हटलं, टँक माझ्या घरात आहे. मग त्याने दिला, पण अशा तोंडाने, की मी त्याच्या घरातलं कुणी पळवून नेतोय.

२० फेब्रुवारी
सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर येताना उन्हाचा काळा चष्मा लावतात. नाटकी स्वभाव. आज जवळ येऊन म्हणाल्या, ऑपरेशनच्या आधी मलाही असंच व्हायचं, दुधाचा पेला पिवळा दिसायचा. मी ऐकून घेतलं. या वयात माणूस स्वतःच्या आजाराबद्दल बोलायला निमित्त शोधत असतो. माझं वय अवघं सत्तावन्न.

१ मार्च
छोटा दिवा स्टँडवरून सटकून पाण्यात पडता पडता राहिला. मी वेळेवर पकडला. पकडताना कोपर प्रवाळाला लागलं आणि एक फांदी तुटली. छोटीशी, करंगळीएवढी, अगदी तळाशी सावलीत होती ती. अजून जुनाटच, तपकिरी. माझा प्रकाश तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, बागेत छाटणी करतातच.

बायकोने मात्र ती फांदी टँकच्या पाण्यासकट बरणीत घातली आणि चप्पल घालून थेट टँकवाल्याकडे गेली. मला विचारलं नाही. परत येऊन म्हणाली, तो सांभाळेल, त्याच्या लाइटखाली ठेवलीय. ठेवू दे. त्याच्या त्या मिणमिणत्या दिव्याखाली त्याचा तुकडा आणि माझ्या इथे माझं प्रवाळ. ९ एप्रिलला दोन्ही समोरासमोर ठेवू. होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष.

५ मार्च
चिमणीचा फोन. तिच्या आईने तिकडे सगळं सांगितलेलं दिसतं. रागावली नाही, तेच मला विचित्र वाटलं. म्हणाली, बाबा, प्रवाळ आत्ता कोणत्या रंगाचं दिसतंय, जसं दिसतंय तसं सांग. मी म्हटलं, हस्तिदंती, टोकाला सोनेरी झाक. ती म्हणाली, लाइट बंद कर आणि डोळे तपासून घे. मी म्हटलं, आवाज तुटतोय. खरं तर आवाज स्वच्छ येत होता.

लाइट बंद करणार नाही. आता मागे हटलो तर पन्नास दिवसांची मेहनत वाया. उलट वेळ वाढवून सकाळी सात ते संध्याकाळी सात केली.

११ मार्च
कंपनीची डोळ्यांची तपासणी. एका पेटीत रंगीत चकत्या असतात, त्या फिकटापासून गडदापर्यंत ओळीने लावायच्या. आजवर मी हे चहा पिता पिता करत आलो. आज निळ्यांची ओळ जरा रेंगाळली. दोनदा लावली. चकत्या मळल्या आहेत असं मी तपासणाऱ्या बाईंना स्पष्ट सांगितलं. त्यांनी नवी पेटी फोडली. तीही मळलेली निघाली.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायची चिठ्ठी दिली आहे. खिशात ठेवली आहे.

१२ मार्च
मॅनेजरने सांगितलं की डोळ्यांच्या डॉक्टरचा निकाल येईपर्यंत मी बॅच पास करायच्या नाहीत. मशीनबाई करेल. मी स्टोअरमध्ये जुन्या डब्यांवर लेबलं लावायची. निकाल येईपर्यंतच. दोन-चार दिवस.

१९ मार्च
लेबलं.

२६ मार्च
लेबलं. मशीनबाई दुपारी चहा घेऊन स्टोअरमध्ये आली. सर, तपासणी करून या ना, म्हणाली. चहा चांगला होता. तिला कुठल्यातरी शेडबद्दल विचारायचं असावं आणि धीर झाला नसावा.

२ एप्रिल
प्रवाळ पूर्ण उजळलंय. तळापासून टोकापर्यंत एकसारखं. एवढी सलग शेड मी कंपनीतसुद्धा क्वचित काढली. फुलत मात्र नाही. पूर्वी त्याची बोटं पाण्यात हलायची, आता स्थिर आहेत. परिपक्वता असावी.

एकदा काचेला नाक लावून बराच वेळ बघत बसलो. हलेल असं वाटलं. हललं नाही. तासभर गेला. बायकोने येऊन खांद्यावर हात ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली.

८ एप्रिल
उद्या चिमणी. हॉल झाडला. काच पुसली (प्लग काढून). भाषण आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा मध्येच अडलो, आरसा मळला असेल. आरसा सकाळीच पुसला होता.

९ एप्रिल, संध्याकाळी
चिमणी आली. बॅग दारात टाकून टँकसमोर गुडघ्यावर बसली. मी मागे उभा. भाषण तयार होतं, पण तिने मागे वळून पाहिलंच नाही.

आधी तिने दोन्ही लाइट बंद केले. मग खिडकीचा पडदा सरकवला आणि उन्हात प्रवाळ बघितलं. हात घालून एका टोकाला बोट लावलं. ते टोक खडूसारखं तिच्या बोटाला लागून आलं. ते माझ्यासमोर धरून तिने विचारलं, "बाबा, हा रंग कोणता?"

मी म्हटलं, हस्तिदंती.

ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. उठून तिने माझा हात धरला, लहानपणी रस्ता ओलांडताना मी तिचा धरायचो तसा, आणि म्हणाली, उद्या सकाळी डॉक्टर. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार, हात सोडतच नव्हती.

१० एप्रिल
डोळ्यांची डॉक्टर. वयाने चिमणीएवढीच. दोन मिनिटं डोळ्यांत टॉर्च मारला आणि म्हणाली, दोन्हीकडे मोतीबिंदू, चांगले पिकलेले. यात निळा प्रकाश डोळ्याच्या आत पोचतच नाही, सगळं पिवळट आणि मंद दिसतं. कधीपासून आहे, असं तिने मला विचारलं. उत्तर सासूबाईंनी दिलं, मागच्या खुर्चीवरून. दोन वर्षं.

सासूबाईंना कुणी बोलावलं होतं ते कळलं नाही.

१६ एप्रिल
उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पंधरा मिनिटं. एवढ्या वेळात आमच्याकडे डब्याचं झाकणसुद्धा निघत नाही.

१७ एप्रिल, सकाळी
पट्टी निघाली. डॉक्टरीणबाईंचा कोट पांढरा. मला वाटायचं हे लोक क्रीम घालतात.

१७ एप्रिल, दुपारी
घरी आल्यावर बायकोला सांगितलं, ते दोन्ही लाइट एकदा लाव, मी ठेवले होते तसे. नको म्हणाली. लाव म्हटलं. लावले.

डाव्या डोळ्याने नेहमीचा हॉल. उजव्या डोळ्याने निळा जाळ. भिंत निळी, सोफा निळा, बायकोचं तोंड निळं. एक मिनिट उभं राहवेना. ही माणसं यात तीन महिने राहिली, जेवली, टीव्ही बघितला. आणि मध्यभागी ते प्रवाळ. हस्तिदंती नाही, साय नाही, सोनेरी झाक नाही. पांढरं. माझ्या चाळीस पांढऱ्यांतलं एकही नाही, नुसतं हाडासारखं पांढरं. मेलेलं आहे. मी मारलं. चिमणीने चार वर्षं वाढवलेलं, मी तीन महिन्यांत मारलं, आणि रोज त्याचं कौतुक लिहीत बसलो.

बायकोने लाइट बंद केले. मी विचारलं, मला कुणी सांगितलं का नाही? म्हणाली, "सांगितलं की. पण तुम्ही एवढ्या एकाच गोष्टीवर खूश असता. ती हिसकावून घ्यायची कशी?"

मी दोन्ही लाइटचे प्लग काढून ठेवले.

२१ एप्रिल
ऑफिस. शेड-रूमच्या फळीवर गेल्या दोन वर्षांचे नमुने ओळीने लावलेले आहेत. उजव्या डोळ्याने बघितले. जानेवारीतले चार सोडून सगळे बरोबर. जिवात जीव आला. मशीनबाईला म्हटलं, बघा, डोळा गेला होता तरी हात गेला नव्हता. ती हो म्हणाली आणि फळीवरचे सरळ नमुने पुन्हा सरळ करायला लागली. मग मलाच राहवेना. सरळ विचारलं, मग हे बरोबर आले कसे?

मी पास केलेली प्रत्येक बॅच ती मशीनवर परत घ्यायची आणि सुधारायची, मी जेवायला गेलो की. दोन वर्षं. फक्त जानेवारीतल्या त्या आठवड्यात ती रजेवर होती.

तिला चहा पाजला. बिस्किटंही आणली. यापुढे बॅच तीच पास करणार, मीच मॅनेजरला सांगितलं. मॅनेजर म्हणाला, ते तसंच ठरलेलं आहे.

२८ एप्रिल
चिमणीने टँकवाल्याकडून ती करंगळीएवढी फांदी परत आणली. जिवंत आहे. जाड झाली आहे, पाण्यात बोटं हलवते. सोक्षमोक्ष झाला म्हणायचा. टँकवाला स्वतः आला, मीटर पाण्यात बुडवलं, त्याने आणि चिमणीने आकडे लावले. मी टॉवेल धरून उभा होतो. मोठा लाइट तो परत घेऊन गेला. जाताना माझ्या डोळ्याची चौकशी केली. माणूस वाईट नाही.

मेलेलं प्रवाळ काढून टाकू का, असं चिमणीला विचारलं. म्हणाली, राहू दे, मासा त्यात राहायला लागलाय.

४ मे
चिमणी पुन्हा बाहेरगावी, या वेळी पंधरा दिवसांसाठी. मला वाटलं टँक शेजाऱ्यांकडे देऊन जाईल. नाही दिला. म्हणाली, काही करायचं नाही, रोज सकाळी बघायचं आणि जे दिसेल ते मला कळवायचं. जमेल? मी म्हटलं, एकोणतीस वर्षं तेच तर... आणि तिथेच थांबलो. जमेल म्हटलं.

५ मे, सकाळी १०.१५
फांदी पाहिली. तपकिरी. टोकाला जरा हिरवट वाटते. उजवा डोळा झाकून पाहिलं, डावा झाकून पाहिलं. मग बायकोला बोलावून विचारलं. हिरवटच आहे म्हणाली. तसं कळवलं.